पाईपच्या तुकड्यातून सुरीचं म्यान: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पाईपलाइन टाकून झाली की बांधावर, गोठ्यामागं पीव्हीसीचे हात-दोन हात लांबीचे तुकडे पडून राहतात. त्याच तुकड्यातून सुरीचं, चाकूचं, कोयत्याचं पक्कं म्यान घरच्या घरी करता येतं. ज्यानं कधी पाईपचं तोंड तापवून त्यात दुसरा पाईप बसवलाय, त्याला यातलं निम्मं काम आधीच येतं. तापला की मऊ, दाबला की आकार घेतो, गार झाला की पुन्हा कडक. उरलेलं निम्मं इथं सांगतो.

मी याकडं वळलो ते एका जखमेमुळं. आमच्या केज-धारूर पट्ट्यातून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिकडं ‘एक कोयता’ म्हणतात, इतकं ते अवजार माणसाशी जोडलं गेलंय. पण तो कोयता प्रवास करतो गोणपाटात गुंडाळून, वर सुतळी बांधून, ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या आणि लेकराबाळांच्या मधे. एका खड्ड्यात ट्रॉली आदळली आणि गोणपाट फाडून कोयता माझ्या चुलतभावाच्या मांडीत शिरला. आठ टाके पडले. त्याला टेकून त्याची चार वर्षांची पोरगी झोपलेली होती. त्या दिवसापासून घरातलं एकही पातं मी उघडं ठेवलेलं नाही.

कुठलं प्लास्टिक घ्यायचं

बाजारात मिळणारी साच्यातली म्यानं बहुतेक कायडेक्सची असतात. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाची ही शीट १९६५ मध्ये अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीनं आणली. विमानाच्या आतल्या भागांनाही ती वापरतात. आता ऑनलाइन मागवता येते. १.५ मिलिमीटरची शीट स्वयंपाकाच्या सुरीला आणि लहान चाकूला, २ मिलिमीटरची शेतातल्या पात्याला. दिसायला देखणी, एका बाजूनं खरबरीत, तापमानाच्या बाबतीत पीव्हीसीपेक्षा थोडी माफ करणारी.

पण पहिली तीन-चार म्यानं पाईपचीच करा. बिघडली तर टाकून दुसरा तुकडा घेता येतो, आणि हात बसेपर्यंत ती बिघडणारच. पाईप करड्या रंगाचा कडक पीव्हीसीचा हवा. स्प्रिंकलरचे काळे एचडीपीई पाईप आणि ठिबकच्या नळ्या इथं चालत नाहीत. ते वेगळं प्लास्टिक आहे, असं कडक आणि नेमकं बसत नाही. पाईपची भिंत २ मिलिमीटरच्या आसपास असावी. ९० एमएमचा ४ किलो दाबाचा पाईप किंवा ६३ एमएमचा ६ किलो दाबाचा पाईप साधारण तेवढ्या जाडीचा असतो. ६३ चा पाईप उभा चिरून सपाट केला की जवळपास २० सेंटिमीटर रुंद पट्टी मिळते, ९० चा केला की २८. वर्षानुवर्षं उन्हात पडून पांढरट झालेला तुकडा घेऊ नका. तो वाकवताना चिरतो.

तापवण्याआधी हे वाचा

पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. आकार द्यायला १२० ते १४० अंश लागतात. कायडेक्सला १५० ते १७०. त्यापुढं पीव्हीसी तापवत राहिलात तर ते करपतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो ओलाव्याला भेटला की आम्ल होतो, म्हणजे तुमच्या डोळ्यांत, नाकात, छातीत. माझा पहिला तुकडा मी पाचटाच्या जाळावर धरला होता, पाईप जोडताना धरतात तसा. कड तपकिरी झाली, झणका नाकात गेला आणि दोन दिवस घसा धरला होता. तेव्हापासून उघड्या जाळावर पीव्हीसी नेत नाही, आणि तुम्हीही नेऊ नका. काम अंगणात करा, वाऱ्याकडं पाठ करून. लेकरं आणि दमेकरी माणसं लांब. घरातला तवा, भाकरीचा तवा तर नाहीच, आणि ज्या ओव्हनमध्ये खायचं काही भाजता तो या कामाला वापरू नका. उरलेले तुकडे पेटवून देऊ नका.

तापवायला हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, सगळ्यात बरी. इलेक्ट्रिकलच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती नसेल तर मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी घ्या. पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही, त्यामुळं काही करपायची भीती नाही, म्हणून पाईप सपाट करायला मी अजूनही पाणीच वापरतो. पातळ पाईपचं साधं म्यानही पाण्यावर होतं. पण कमी तापमानावर दिलेला आकार नंतर उष्णतेत लवकर मागं फिरतो. पाईपला आपलं गोलपण आठवतं. म्हणून शेवटचा साचा गनवर करा.

तापमान मोजायला कोविडच्या वेळची कपाळावर धरायची बंदूक काढू नका. ती माणसाच्या तापापुरतीच मोजते. खरं माप हाताला कळतं, ते पुढं सांगतो.

म्यान धरतं कुठं

नवख्याला वाटतं म्यान म्हणजे पात्याला सगळीकडून घट्ट धरणारी पिशवी. तसं केलंत तर पातं आत घासत राहतं, धार जाते, आणि काढताना म्यान हिसकावं लागतं. चांगलं म्यान पात्याला नाही, मुठीच्या तोंडाशी धरतं. आत पातं सैल राहतं. मूठ जिथं सुरू होते तिथल्या उंचवट्याला प्लास्टिकचा ओठ बसतो आणि ‘टक्’ आवाज येतो. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गेलात तर किरपाणांची म्यानं हातात घेऊन पाहा. पकड तोंडाशी असते, आत मोकळं. प्लास्टिक नवं असलं तरी बाब तीच आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि ती आधी कळली असती तर माझा एक चांगला पाईप वाचला असता. पातं म्यानाच्या तोंडातून बाहेर निघायचं असतं. म्हणून आतला कुठलाही भाग तोंडापेक्षा रुंद असता कामा नये. भाजीची सुरी मुठीकडं रुंद आणि टोकाकडं निमुळती, ती सरळ सुटते. कोयत्याचं पोट मानेपेक्षा रुंद. मी कोयत्याला सुरीसारखंच म्यान केलं, छान आकार आला, आणि कोयता आत अडकून बसला. करवतीनं म्यान कापून तो काढावा लागला. कोयत्याचं म्यान पाठीकडून उघडं ठेवावं लागतं, त्यावर शेवटी येतो. विळ्याला तर म्यान नकोच. अर्ध्या इंची पाईपला उभी चीर पाडून, जरा तापवून विळ्याच्या बाकाइतका वाक द्यायचा आणि धारेवर टोपणासारखा चढवायचा. पाच मिनिटांचं काम.

पहिल्या खेपेला सरळ पाठीची, सहा इंची पात्याची सुरी घ्या. लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याची करून घेतलेली असेल तर उत्तम, कारण तिला मुठीजवळ ठळक खांदा असतो.

सामान

हॅक्सॉ, कानस, ८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, ड्रिल, पांढरी कागदी टेप, वेल्डिंगचे चामडी हातमोजे. रिबिटांसाठी मोंढ्यातल्या ताडपत्रीच्या दुकानात जा. ताडपत्रीला मारतात त्या पितळी रिंगा, म्हणजे आयलेट, तिथं ठोकण्याच्या डायसकट मिळतात. पाव इंची घ्या. नाहीतर चपला शिवणाऱ्या काकांकडं तयार म्यान नेऊन रिबीट मारून घ्या, ते काम त्यांच्या हातचं असतं.

आणि एक दाब, जो घरीच करायचा. १२ एमएमच्या प्लायवूडचे फूटभर लांब, आठ इंच रुंद असे दोन तुकडे. प्रत्येकावर इंचभर जाडीचा ईव्हीए फोम, म्हणजे चपलेच्या तळव्यात असतो तसा दाट फोम, चिकटवा. जुनी जाड योगा मॅट घड्या घालून लावली तरी चालते. गादीतला स्पंज मात्र नको. तो सपाट होतो आणि प्लास्टिकला सुरीच्या कडेपर्यंत ढकलत नाही. दोन्ही फळ्यांना एका बाजूनं बिजागरी लावली की वही मिटल्यासारखा दाब मिटतो. वरून चार सी-क्लॅम्प, किंवा सरळ एका माणसानं त्यावर उभं राहायचं.

सुरीची तयारी

सुरी आधी धार लावून, पुसून कोरडी करा. मग सगळ्या पात्याला कागदी टेपचे दोन थर द्या, धारेवर तीन. या थरांमुळं पात्याभोवती केसभर मोकळी जागा उरते, आणि काम करताना तुमची बोटंही वाचतात. मुठीवर टेप नको, तिथं पकड हवी. मुठीत भोक किंवा खाच असेल तर ती मळलेल्या कणकेनं भरून वर टेप मारा, नाहीतर प्लास्टिक त्यात शिरून कुलूप लागतं.

धारेच्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत खराट्याची एक सरळ काडी टेपनं चिकटवा. म्यान झालं की काडीच्या जागी बारीक नाळ उरते. आत गेलेलं पाणी तिथून खाली उतरतं.

कागदावर आणि पाईपवर

वर्तमानपत्र दुमडा, दुमडीला सुरीची पाठ लावा आणि भोवती रेघ ओढा. धारेच्या बाजूला अडीच सेंटिमीटर जागा सोडा, टोकापुढं एक, आणि मुठीवर तीन-चार सेंटिमीटर चढू द्या. तीन सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब पात्याला साधारण १२ बाय २० सेंटिमीटरचा तुकडा लागतो. कागद सुरीभोवती गुंडाळून बघा. कागदावर जे बसत नाही ते प्लास्टिकमध्येही बसत नाही.

पाईपचा तेवढ्या लांबीचा तुकडा कापा, हॅक्सॉनं एका बाजूनं उभी चीर द्या. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, चिमट्यानं काढा, हातमोजे घालून उलगडा आणि दोन फरश्यांमध्ये दाबून गार होऊ द्या. सपाट पट्टी मिळेल. तिच्यावर कागद ठेवून कापा, पण रेघेच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर सोडून. तापल्यावर पाईपची पट्टी थोडी आकसते.

साचा काढणं

हा भाग दोन मिनिटांचा आहे, आणि सगळं यश इथंच ठरतं. म्हणून गन लावण्याआधी एकदा कोरडी तालीम करा: पट्टी इथं, सुरी इथं, दाब उघडा, क्लॅम्प सैल करून हाताशी. मदतीला एक माणूस असावा.

पट्टी विटेवर ठेवा. गन पाच-सहा इंचांवरून धरा आणि सतत फिरवत राहा, एका जागी थांबू नका. आधी मधली दुमडीची रेघ, मग दोन्ही बाजू, मग पट्टी उलटी करून पुन्हा. आधी ती कडक राहते. मग कोपरा धरून उचलला की जरासा लवतो. तेव्हा घाई करू नका, अजून झालं नाही. अर्धवट वाळलेला पापड दोरीवरून उचलावा तसा तुकडा स्वतःच्या वजनानं दोन्हीकडं लोंबला, की झालं. पृष्ठभागावर चकाकी आली, बुडबुडे दिसले किंवा नाकाला झणका आला तर गन लगेच लांब घ्या. ती पट्टी जास्त झाली.

आता दहा-पंधरा सेकंद आहेत. पट्टी सुरीच्या पाठीवरून दुमडा, पाठ दुमडीला टेकलेली, धार उघड्या बाजूला. दाबात ठेवा, पट्टीबाहेर उरलेली मूठ बाहेर. दाब मिटा, क्लॅम्प आवळा, मुठीच्या खांद्याजवळचा क्लॅम्प सगळ्यात घट्ट. आणि दहा मिनिटं हात लावू नका. मे महिन्यात वीस मिनिटं थांबा; परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर असतो, तेव्हा फोमच्या आत प्लास्टिक गार व्हायला वेळ घेतं. दिवाळीनंतरची सकाळ या कामाला उत्तम.

उघडल्यावर खांद्याची रेघ बाहेरून स्पष्ट दिसली पाहिजे. आकार पुसट आला असेल तर तीच पट्टी पुन्हा तापवा. ती बऱ्याच अंशी पुन्हा सपाट होते, आणि दुसरी संधी मिळते. लाकडात अशी सवलत नाही.

भोकं, रिबिटं, कडा

सुरी आतच ठेवून बाहेरून पेन्सिलीनं धारेची रेघ ओढा. तिच्यापासून सहा-सात मिलिमीटर सोडून रिबिटांची ओळ घ्या, दोन रिबिटांमध्ये तीन सेंटिमीटर. पहिलं रिबीट मुठीच्या खांद्याजवळ येऊ द्या, पकड तिथंच आवळली जाते. खुणा झाल्या की सुरी बाहेर काढा आणि मगच ड्रिल चालवा. आधी बारीक बिट, मग पाव इंची. मोठं बिट थेट घातलं की पीव्हीसी चिरतं. आयलेट सपाट दगडावर डाय ठेवून हळूहळू तीन-चार ठोक्यांत बसवा, एका दणक्यात नको.

मग बाहेरचा आकार हॅक्सॉनं कापा, कानस लावा, आधी ८० आणि मग २२० चा पेपर ओला करून फिरवा. ओला यासाठी की भुकटी उडून नाकात जाऊ नये. तोंडाच्या कडेला जास्त वेळ द्या. रोज हात तिथंच लागतो. मुठीखाली अंगठा टेकवायला थोडा उतार ठेवा; अंगठ्यानं म्यान ढकललं की सुरी सुटते, ओढावी लागत नाही. टोकाला ४ मिलिमीटरचं भोक पाडा, काडीच्या नाळेतलं पाणी तिथून बाहेर पडेल.

आता टेप काढण्याआधी म्यान आतून साबणाच्या पाण्यानं आणि बाटली धुवायच्या ब्रशनं धुवा. कानशीची भुकटी आत राहिली तर पहिल्याच दिवशी पात्यावर ओरखडे उठतात.

पकड तपासणं

टेप काढा, सुरी घाला. ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. खाली पोतं अंथरा, म्यान उलटं धरा आणि तीन वेळा जोरात झटका द्या. सुरी पडली तर खांद्याजवळचा दोन बोटं भाग गननं तापवा, सुरी आत ठेवून चामडी हातमोज्यानं तिथंच चिमटा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. फार घट्ट असेल तर तोच भाग किंचित तापवून सुरी दोन-तीनदा आत-बाहेर करा. थोडं तापवा, बघा, पुन्हा थोडं. घरातली म्हातारी माणसं सुरी वापरत असतील तर पकड त्यांच्या हाताच्या मापानं ठेवा, तुमच्या नाही. माझ्या आईच्या बोटांत संधिवात आहे. तिच्या सुरीचं म्यान मी दोनदा सैल केलं, तेव्हा कुठं ते तिला एका हातानं उघडता आलं.

कमरेला अडकवायचं असेल तर उरलेल्या पट्टीतून इंचभर रुंद फीत कापा, तापवून पट्ट्याच्या मापाच्या लाकडावर दुमडा आणि दोन नट-बोल्टनं म्यानाला लावा.

कोयत्याचं म्यान

यासाठी ११० एमएमचा पाईप बरा, ३४ सेंटिमीटरची पट्टी निघते. तिच्यातून कोयत्याच्या आकाराचे दोन तुकडे कापा, धारेकडं इंचभर जादा. दोन्हींच्या मधे, धारेच्या बाहेरून, पाईपचीच अर्धा इंची पट्टी ठेवा आणि तिन्ही थरांतून रिबिटं मारा. या पट्टीच्या आतल्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं की धार प्लास्टिकवर न टेकता रबरावर टेकते. पाठीची बाजू सगळी उघडी. कोयता तिथून आत सरकतो. वरून ट्यूबचाच एक पट्टा, मानेजवळ, बटणानं किंवा हुकानं अडकणारा. पट्टा मजबूत करा, कारण इथं ‘टक्’ नाही, सगळी भिस्त त्या पट्ट्यावर आहे.

उसाच्या रसानं भरलेला कोयता तसाच आत घालू नका. रसात थोडं आम्ल असतं, बंद जागेत लोखंड एका रात्रीत गंजतं. पुसून, गोडेतेलाचं बोट फिरवून मग ठेवा. आणि पाईपचं असो की कायडेक्सचं, म्यान उन्हात लावलेल्या गाडीत काचेखाली किंवा ट्रॅक्टरच्या टपावर ठेवू नका. दोन्ही ८० अंशांच्या आतच सैल पडायला लागतात.

कायद्याचंही सांगतो. शस्त्र कायद्याखालच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात. शेतीसाठी आणि घरकामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तरी बाजारात, एसटीत कोयता कमरेला लावून फिरू नका. म्यानासकट पिशवीत ठेवा.

गेल्या दसऱ्याला आमच्या गल्लीतून गेलेल्या टोळीसाठी अकरा म्यानं केली. चुलतभावाच्या पोरीनं बापाच्या म्यानावर खिळ्यानं तिचं नाव कोरलंय, उलटं-सुलटं, पण वाचता येतं.